घरच्या बागेतली पहिली भाजी: उपाय करण्याआधी कुठे बघायचं

तुमच्या तक्रारी आधी एका जागी मांडते, म्हणजे पुढचं वाचताना धागा सुटणार नाही. टोमॅटोची रोपं भराभर उंच झाली, फुलं आली आणि गळून गेली. काकडीला बोटाएवढं फळ दिसतं, मग ते पिवळं पडून सुकतं. कोथिंबीर पेरली तिथे चार-दोन काड्या उगवल्या. वांग्याला रोज पाणी देऊनही ते दुपारी मान टाकतं. मिरचीची पानं आक्रसली आहेत. यावर तुम्ही खत घातलं, केळीच्या सालींचं पाणी दिलं, अंड्यांची टरफलं पुरली, कडुनिंबाचं तेल फवारलं. फरक पडला नाही, आणि आता विचारताय की अजून काय द्यायला हवं.

सध्या काहीही देऊ नका, हे माझं पहिलं सांगणं. भाजीपाला लावायला नुकती सुरुवात केलेल्या माणसाला सगळ्यात महागात पडते ती घाई. पान पिवळं दिसलं की खत, सुकलं की पाणी, आक्रसलं की फवारा. मूळ कारण तसंच राहतं, वर नवा त्रास जमा होतो आणि मग कशामुळे काय झालं हे ओळखताच येत नाही. झाडाची वाढ ज्या गोष्टीची सर्वांत जास्त टंचाई असेल तिच्यापाशी अडते. कार्ल श्प्रेंगेल या जर्मन शास्त्रज्ञाने १८२८ मध्ये हे मांडलं आणि पुढे युस्टुस फॉन लीबिग यांच्यामुळे ते सगळीकडे पोहोचलं. त्यांचा विषय जमिनीतली अन्नद्रव्यं हा होता, पण घरच्या बागेत हाच नियम उन्हाला, मुळांजवळच्या हवेला आणि तापमानालाही लावून बघावा. ऊन तीनच तास मिळत असेल तर खत दुप्पट करून टोमॅटो लागणार नाहीत. तेव्हा तुमच्या प्रत्येक तक्रारीत 'नेमकं काय कमी पडतंय' एवढंच आपण शोधू.

सुरुवात उन्हापासून करा, आणि ते अंदाजाने ठरवू नका. आपला डोळा इथे दगा देतो. भर उन्हात सुमारे एक लाख लक्स प्रकाश असतो. उघड्यावरच्या सावलीत तो दहा-वीस हजारांवर येतो आणि खोलीत खिडकीपासून दोन-तीन मीटर आत काही शेच उरतो. डोळा जुळवून घेतो म्हणून तिन्ही जागा आपल्याला उजेडाच्या वाटतात. झाडाला मात्र मिळेल तेवढ्या प्रकाशावरच अन्न तयार करावं लागतं. एखादा मोकळा दिवस काढा, सकाळपासून संध्याकाळपर्यंत दर तासाला जागा बघा आणि थेट ऊन पडलं की कागदावर खूण करा. टोमॅटो, वांगी, मिरची, भेंडी, काकडी, दुधी या फळभाज्यांना रोज ६ ते ८ तास थेट ऊन लागतं. मुळा, गाजर, बीट ४-५ तासांवर येतात, जरा उशिराने. पालक, मेथी, कोथिंबीर, लेट्यूस यांचं ३-४ तासांत भागतं आणि कडक उन्हाच्या दिवसांत त्यांना दुपारची सावली मानवतेही. हे निरीक्षण दोन-अडीच महिन्यांनी पुन्हा करावं लागतं, कारण सूर्याचा मार्ग सरकतो आणि आज उन्हात असलेला कोपरा तोवर भिंतीच्या सावलीत गेलेला असतो.

तुमच्या टोमॅटोची उंची मला म्हणूनच खटकते. खोडावर एका पानापासून पुढच्या पानापर्यंतचं अंतर बघा. ते लांबलचक असेल, खोड बारीक आणि फिकट असेल तर रोप उजेड शोधत वर पळालंय. अंतर कमी, खोड जाड, पानं गर्द हिरवी आणि मऊ-लुसलुशीत असतील तर ऊन पुरेसं आहे, नत्र (खतातला नायट्रोजन) जास्त झालंय. दोन्हींचा उपाय वेगळा आहे. पहिल्यात जागा बदलायची, दुसऱ्यात खत थांबवायचं. नत्राचा मारा झालेलं झाड पानं वाढवत राहतं, फुलाफळांकडे उशिरा वळतं, आणि त्या कोवळ्या पानांवर मावाही (रस शोषणारी बारीक कीड) आधी येतो.

आता फूलगळ. टोमॅटोच्या एकाच फुलात नर-मादी दोन्ही भाग असतात, त्यामुळे दुसरं झाड लागत नाही. पण परागकण सुटायला फूल हलावं लागतं. वाऱ्याने हलतं किंवा काही मधमाश्या फुलाला लटकून पंखांचे स्नायू थरथरवतात. बंदिस्त जागेत दोन्ही नसतं. सकाळ वर आली, फुलं कोरडी झाली की फुलांच्या घोसामागच्या देठावर बोटाने हलकेच टिचकी मारा, एक दिवसाआड. तरीही गळत असतील तर तापमान बघा. दिवसा ३२ ते ३५ अंशांच्या वर किंवा रात्री १३ अंशांच्या खाली गेलं की परागकण नीट काम करत नाहीत आणि झाड फूल टाकून देतं. रात्री गरम राहत असतील, २४ अंशांच्या खाली उतरतच नसतील, तरी तेच होतं. अशा वेळी करण्यासारखं फारसं काही नसतं. दुपारी थोडी सावली धरायची, मुळं ओलसर ठेवायची आणि हवामान बदलायची वाट बघायची. झाड जिवंत आणि निरोगी राहिलं तर पुढचा बहर फळं देतो. टोमॅटो 'फूल गळतंय' म्हणून उपटून टाकणारे लोक पुष्कळदा फळधारणेच्या दोन आठवडे आधी उपटतात, आणि मला याचं फार वाईट वाटतं.

टरफलांबद्दल इथेच सांगते, कारण ती तुम्ही टोमॅटोसाठी पुरली असणार. टोमॅटोच्या टोकाला काळा, दबलेला, चामड्यासारखा डाग पडतो, तो फळात कॅल्शियम न पोहोचल्याने. त्यावरून 'कॅल्शियम घाला' असा सल्ला फिरतो आणि टरफलं, खडू, गोळ्या सगळं मातीत जातं. बहुतेक मातीत कॅल्शियम भरपूर असतं. ते पाण्याबरोबर मुळातून वर चढतं, आणि त्या पाण्याचा मोठा वाटा पानं ओढतात. फळाला उरलेलं मिळतं. एक दिवस कुंडी सुकली आणि दुसऱ्या दिवशी तुडुंब झाली की हा पुरवठा तुटतो, आणि नेमकं तेव्हा वाढणारं फळ टोकाला मरतं. म्हणजे कमी पडतं ते पाण्यातलं सातत्य. टरफलं मातीत इतक्या सावकाश विरघळतात की या हंगामाच्या टोमॅटोला त्यांचा उपयोग जवळपास शून्य. एप्सम सॉल्टने तर कधी कधी बिघडतं, कारण त्यातलं मॅग्नेशियम कॅल्शियमशी स्पर्धा करतं.

पाण्याचा विषय निघालाच आहे तर तुमच्या वांग्याकडे येऊ. हा भाग मी जरा सविस्तर लिहिणार आहे, कारण घरच्या भाज्या सर्वांत जास्त मरतात त्या पाणी कमी पडून नव्हे, ते रोज मिळाल्याने.

मुळं श्वास घेतात. त्यांना पाणी हवं तशी हवाही हवी. शेतकरी ज्याला वाफसा म्हणतात ती स्थिती हीच: मातीच्या कणांभोवती ओल आहे आणि मधल्या पोकळ्यांत हवा आहे. मूठभर माती दाबली तर गोळा होतो आणि बोटाने टिचकी मारली तर तो फुटतो. दाबल्यावर पाणी निथळलं किंवा माती हाताला चिकटून राहिली तर ती वाफशावर नाही. पाणी भरलेल्या मातीत मुळं गुदमरतात, कुजतात, आणि कुजलेली मुळं पाणी ओढू शकत नाहीत. वर काय दिसतं? पानं मान टाकतात. माणूस म्हणतो तहान लागली, आणि आणखी पाणी घालतो. अशी झाडं मी पुष्कळ बघितली आहेत, आणि प्रत्येक वेळी झारी हातात असलेला माणूस मनापासून काळजीच घेत असतो.

म्हणून पाण्याची वेळ घड्याळाने ठरवू नका. बोट मातीत दोन पेरं खुपसा. तिथे ओल लागली तर आज पाणी नाही. कोकोपीट, म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा, जास्त असलेल्या मिश्रणात हे विशेष जपावं लागतं, कारण त्याचा वरचा थर फिकट, कोरडा दिसतो आणि दहा सेंटिमीटर खाली चिंब असतं. लहान कुंडी असेल तर ती उचलून वजनाचा अंदाज घेण्याची सवय लावा. दोन-तीन आठवड्यांत हाताला कळायला लागतं. पाणी द्याल तेव्हा मात्र खालच्या भोकांतून बाहेर येईपर्यंत द्या. रोज शिंपडल्यासारखं थोडं थोडं दिलं तर वरचे चार सेंटिमीटरच भिजतात, मुळं वरच राहतात आणि पहिल्याच कडक उन्हात झाड हात टेकतं. ताटलीत साचलेलं पाणी अर्ध्या तासाने ओतून टाका.

वांगं दुपारी मान टाकतंय की सकाळीही, हे मला तुमच्या प्रश्नातून कळलं नाही, आणि सगळं त्यावरच अवलंबून आहे. मोठ्या पानांची झाडं रणरणत्या दुपारी थोडी झुकतात, कारण पानांतून उडणारं पाणी मुळं तेवढ्या वेगाने पुरवू शकत नाहीत. ऊन उतरल्यावर ती सावरत असतील तर काळजी नाही. सकाळी सातलाही पानं लोंबत असतील तर माती तपासा. कोरडी असेल तर पाणी, आणि ओली असेल तर कुंडीच्या कडेने थोडी उकरून मुळं बघा. पांढरट, टणक मुळं चांगली. तपकिरी, बुळबुळीत, ओढल्यावर वरचं साल हातात येणारी मुळं कुजलेली, आणि मातीला आंबूस वासही येतो. अशा कुंडीला काही दिवस अजिबात पाणी देऊ नका, भोकं मोकळी करा, आणि झाडावर पानं फार असतील तर थोडी कमी करा.

तिसरी शक्यता वाईट आहे, पण ओळखायला सोपी. हिरवंगार झाड दोन-तीन दिवसांत एकदम सगळं लोळलं, पिवळंसुद्धा पडलं नाही आणि रात्रीतही सावरलं नाही, तर मर रोगाचा संशय घ्यावा. जमिनीलगतचं खोड कापून त्याचा तुकडा काचेच्या स्वच्छ पाण्याच्या ग्लासात धरा, टोक पाण्यात बुडेल असा. काही मिनिटांत त्यातून दुधाळ धागे खाली उतरताना दिसले तर ही जिवाणूंमुळे येणारी मर आहे. याला औषध नाही. झाड मुळासकट काढा, ती माती पुन्हा टोमॅटो, वांगं, मिरची, बटाटा यांच्यासाठी वापरू नका. ही चारही एकाच कुळातली आहेत आणि एकमेकांचे आजार घेतात. त्या मातीत मेथी किंवा मुळा चालेल.

कुंडीच्या तळाशी खडे किंवा विटांचे तुकडे भरण्याचा सल्ला तुम्हालाही कुणीतरी दिला असेल. त्याने निचरा सुधारत नाही. बारीक मातीतलं पाणी खालच्या मोठ्या पोकळ्यांत सहज उतरत नाही. ते थराच्या वर अडून राहतं आणि चिंब पट्टा मुळांच्या आणखी जवळ येतो. भोकावर जाळीचा तुकडा ठेवा आणि तळापासून वरपर्यंत एकच मिश्रण भरा. नुसती बागेची माती कुंडीत दोन-तीन महिन्यांत दगडासारखी दबते. साधारण एक भाग माती, एक भाग चांगलं कुजलेलं कंपोस्ट किंवा गांडूळखत आणि एक भाग कोकोपीट किंवा तत्सम भुसभुशीत पदार्थ, इथून सुरुवात करा. माती चिकट असेल तर तिचा वाटा कमी करा. कोकोपीट आधी दोन-तीनदा धुऊन घ्यावं, कारण त्यात क्षार असू शकतात. आणि कुंडी मोठी घ्या. टोमॅटोला २० लिटर, वांग्याला १५ ते २०, मिरचीला १०, दुधीसारख्या वेलाला ४० लिटरच्या पुढे. पालेभाज्यांना खोली १५ सेंटिमीटर पुरते, पण गाजराला २५ ते ३० हवी. लहान कुंडी दिवसातून दोनदा सुकते आणि मग पाण्याचं सातत्य राखणं कुणालाच जमत नाही. हे सगळं गच्चीवर असेल तर वजनाचा हिशेब जरूर करा: एक चौरस मीटरवर ३० सेंटिमीटर जाडीची ओली माती साधारण ४५० ते ५०० किलो भरते. वाफे बांधण्याआधी इमारतीचं गणित समजणाऱ्याला विचारा.

वर आच्छादन घाला, वाळलेली पानं किंवा पेंढा, तीन-चार सेंटिमीटर, खोडाला न चिकटवता. एवढ्या एका गोष्टीने पाण्याची निम्मी डोकेदुखी जाते.

काकडीचं कारण बहुधा तुमच्या लक्षात आलं नसेल, कारण ते सकाळी लवकरच दिसतं. काकडी, दुधी, भोपळा, कारली, दोडका यांना नर आणि मादी फुलं वेगवेगळी येतात. पहिले काही दिवस नरफुलंच येतात आणि गळतात, ते ठीकच आहे. मादीफुलाच्या मागे इवलंसं फळ आधीपासून असतं. तुम्ही ज्याला 'फळ धरलं' म्हणता ते हेच. पराग पोहोचला नाही तर ते पिवळं पडून गळतं. मधमाश्या येत नसतील तर काम हातात घ्या: ताजं नरफूल तोडा, पाकळ्या काढा आणि आतला परागाचा दांडा दोन-तीन मादीफुलांच्या मधोमध हलकेच फिरवा. वेळ महत्त्वाची. काकडी, भोपळा, कारली, घोसाळी यांची फुलं सकाळी उमलतात, तेव्हा सकाळीच करावं लागतं. दुधी आणि दोडक्याची मात्र संध्याकाळी उमलतात. सकाळी जाऊन पराग फिरवणाऱ्याच्या हाती काही लागत नाही. परागीभवनाशिवाय फळ धरणाऱ्या काकडीच्या जातीही मिळतात, बंदिस्त जागेसाठी त्या बऱ्या. फळ चांगलं वाढू लागल्यावर वाकडं होऊन सडत असेल आणि त्यावर सुईच्या टोकाएवढी भोकं असतील, तर ती फळमाशी. अशी फळं लगेच काढून बंद पिशवीत टाका, आणि पुढची फळं लहान असतानाच कागदी किंवा जाळीच्या पिशवीत झाका.

कोथिंबिरीच्या बाबतीत काय कमी पडलं ते बियांच्या वयावर आणि हवेवर ठरेल. धन्याचा एक दाणा म्हणजे दोन बिया असतात. तळहाताने किंवा लाटण्याने हलकेच दाबून दोन भाग करा, भुगा करू नका. रात्रभर भिजवा, एक सेंटिमीटर खोल पेरा आणि कायमच्या जागीच पेरा, कारण तिचं सोटमूळ उपटून दुसरीकडे लावलेलं सहन करत नाही. उगवायला दहा दिवस ते तीन आठवडे लागतात. या काळात वरची माती एकदाही कडक सुकू द्यायची नाही. पुष्कळ लोक आठव्या दिवशी आशा सोडतात आणि तिथेच दुसरं काही पेरतात. उकाड्यात कोथिंबीर नीट उगवत नाही आणि उगवली तरी लगेच फुलावर येते; पालक आणि लेट्यूसचंही तसंच, लेट्यूसचं बी तर तिशीच्या वर तापमानात झोपून राहतं. बी जुनं आहे की काय अशी शंका असेल तर दहा दाणे ओल्या कागदात गुंडाळून डब्यात ठेवा. सहापेक्षा कमी उगवले तर दाट पेरा किंवा नवं आणा. कांद्याचं बी वर्षभरात बरंच कमजोर होतं, टोमॅटो-काकडीचं थंड, कोरड्या जागी चार-पाच वर्षं टिकतं. बी किती खोल, याला साधा अंदाज पुरतो: बियाच्या जाडीच्या दोन-तीनपट. बारीक बी खोल गाडलं की कोंब मातीतच दमतो.

मिरचीसाठी आधी एक दहापट मोठं दाखवणारं भिंग घ्या. बागेसाठी घेतलेल्या कोणत्याही औषधापेक्षा ते जास्त कामाचं आहे. पान उलटं करून बघा, कारण जे काही आहे ते बहुतेक खालच्या बाजूलाच असतं. मिरचीची पानं कडेने वर वळून होडीसारखी झाली असतील तर फुलकिडे, खाली वळून लांबट आणि ठिसूळ झाली असतील तर कोळी (जाळं विणणारा नव्हे, पानांचा रस शोषणारी अतिबारीक कीड), असा सर्वसाधारण आडाखा आहे. फुलकिडे शेंडा पांढऱ्या कागदावर झटकला की पडतात आणि चालताना दिसतात. मिरचीवरचे कोळी मात्र नुसत्या डोळ्यांना दिसतच नाहीत. नवी पानं बारीक, चुरगळलेली, पिवळसर आणि झाडाची वाढच थांबलेली असेल तर विषाणू असण्याची शक्यता मोठी, आणि तो पांढरी माशी पसरवते. विषाणूवर कोणताही फवारा चालत नाही. फवारणी केली तर ती माशीसाठी.

कडुनिंबाच्या तेलाबद्दल तुमची निराशा मला समजते, पण त्याच्याकडून अपेक्षा चुकीची होती. त्यातलं अझाडिरॅक्टिन किडीला लगेच मारत नाही. तिची भूक आणि कात टाकणं बिघडवतं. परिणाम दिसायला दिवस लागतात, आणि अंगावर किंवा खाल्लेल्या पानावर ते पोहोचलं तरच. एका लिटर कोमट पाण्यात ३ ते ५ मिली तेल आणि थोडा सौम्य द्रवरूप साबण, नीट घुसळून, त्याच दिवशी संपवा. संध्याकाळी फवारा, पानांच्या खालच्या बाजूला, आठवड्याच्या अंतराने दोन-तीनदा, आणि आधी एका पानावर करून दुसऱ्या दिवशी बघा. भर दुपारी किंवा तहानलेल्या झाडावर फवारलं की पानं भाजतात. आक्रसलेल्या पानांचं एक कारण तेही असू शकतं. भांड्याचा कडक साबण वापरू नका, तो पानावरचा मेणाचा थर काढून टाकतो. मावा असेल तर आधी नुसत्या पाण्याचा जोरकस फवारा खालून मारून बघा, तीन दिवस लागोपाठ. आणि माव्याच्या गर्दीत काळपट, नारिंगी ठिपक्यांची, सहा पायांची लांबट अळी दिसली तर तिला हात लावू नका. ती लेडीबर्डची अळी आहे, मावा खाऊनच वाढते, आणि नवे बागकाम करणारे नेमकी तिलाच किडा समजून चिरडतात. तंबाखू हाताळणाऱ्यांनी टोमॅटो-मिरचीला हात लावण्याआधी हात साबणाने धुवावेत, कारण तंबाखूचा मोझेक विषाणू हातावरून झाडात जातो.

खताबद्दल थोडक्यात. कुंडी भरताना कंपोस्ट घातलं असेल तर पहिला महिना काही लागत नाही. पुढे तीन-चार आठवड्यांनी एक-दोन मुठी गांडूळखत पुरे. केळीच्या सालींच्या पाण्यात उतरतं ते थोडं पालाश (पोटॅश), आणि साठवलेलं पाणी आंबून चिलटं येतात. सालं कंपोस्टात घातली तर जास्त उपयोगी. ताजं शेण कुंडीत घालू नका. ते मुळं जाळतं, आणि जमिनीला टेकणाऱ्या भाज्यांवर त्यातले जंतू राहतात. अमेरिकेच्या सेंद्रिय शेतीच्या नियमांत अशा भाज्यांसाठी कच्चं शेणखत आणि काढणी यांत किमान १२० दिवसांचं अंतर ठेवायला सांगितलंय, त्यावरून गांभीर्य लक्षात येईल. बाहेरून आणलेल्या खताबद्दल शंका असेल तर ते मातीत मिसळून त्यात घेवड्याचे चार दाणे लावा. पानं वेडीवाकडी, पेल्यासारखी वळलेली निघाली तर त्यात तणनाशकाचा अंश असू शकतो. ते भाजीला घालू नका. पानं पिवळी पडण्याचं वाचन असं करा: खालची जुनी पानं सरसकट पिवळी होत असतील तर नत्र कमी असू शकतं, वरची नवी पानं पिवळी आणि शिरा हिरव्या असतील तर लोह मिळत नाहीये. पण दोन्ही वेळा आधी मातीची ओल बघा. गुदमरलेली मुळं भरल्या ताटातूनही जेवत नाहीत.

एकदम इतक्या भाज्या लावायला नको होत्या का, हेही तुम्ही विचारलंत. हो, कमी लावायला हव्या होत्या, पण आता लावल्या आहेत तर आहे ते सांभाळा आणि पुढच्या पेरणीत तीन-चारच घ्या. हवा थंड असेल तर मुळा, मेथी, पालक. गरम असेल तर भेंडी, घेवडा आणि एखादी मिरची. मुळा आणि मेथी महिन्याभरात हातात येतात, भेंडी दीड-दोन महिन्यांत, टोमॅटोला रोप लावल्यापासून दोन-अडीच महिने. लवकर येणारी एक तरी भाजी ठेवाच. थांबण्याचं बळ तिच्यातून येतं. मुळा उगवला की विरळणी करावी लागते, दोन रोपांत पाच सेंटिमीटर. हे जिवावर येतं, ठाऊक आहे, पण न उपटलेल्या दाटीत कुणाचंच मूळ पोसत नाही, सगळ्यांना फक्त पाला. काढलेली कोवळी रोपं खाता येतात. सगळं बी एकदम न पेरता दर दोन आठवड्यांनी थोडं पेरा. भेंडी आणि काकडी एक दिवसाआड तोडत राहा, कारण झाडावर एखादं फळ निबर झालं की नवी फुलं कमी होतात.

सध्याच्या झाडांचं असं करा. टोमॅटोचं खत थांबवा, उन्हाचे तास मोजून कमी पडत असतील तर कुंडी हलवा, टिचकी मारायला सुरुवात करा. वांग्याला उद्या सकाळी बोट घालून बघितल्याशिवाय पाणी नाही. काकडीला सकाळी पराग फिरवा, आणि कोणत्या फुलाला केलं ते लक्षात राहावं म्हणून देठाला दोरा बांधा. आक्रसलेली मिरची बाकीच्या झाडांपासून लांब ठेवा, वाईट शेंडे कापा आणि नवी पालवी बघत राहा. दोन-तीन आठवड्यांत नवी पानं सरळ निघाली तर कीडच होती आणि झाड वाचलं. तशीच चुरगळलेली येत राहिली तर ते झाड पिशवीत बंद करून टाकून द्या, कंपोस्टात नको. मधल्या काळात त्या आक्रसलेल्या पानांच्या खालच्या बाजूचे जवळून काढलेले फोटो पाठवलेत, तर काय आहे ते मी नक्की सांगू शकेन.